खात्रीचे कलम : कोकणातील फळसंशोधन आणि कृषिशिक्षण



भाताचे बियाणे चुकीचे निघाले तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. आंब्याचे कलम चुकीचे निघाले तर त्याच्या आयुष्यातील दहा वर्षे वाया जातात. धान्यपिकांची शेती आणि फळझाडांची शेती यांतील सर्वांत मोठा फरक हाच होय. खड्डा खणणे, माती भरणे, कुंपण घालणे, पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात घागरीने पाणी घालणे, गुरे आणि वणवा यांपासून रोप राखणे हे सर्व श्रम आधी करावे लागतात. लावलेले झाड खरोखर कोणत्या जातीचे आहे, हे मात्र पहिले फळ हाती आल्यावरच कळते. त्या वेळी झाड उपटून नवे लावण्याची उमेद आणि ऐपत अल्पभूधारक कुटुंबापाशी क्वचितच उरलेली असते.

या कारणाने फळपिकांच्या बाबतीत संशोधन, शिक्षण आणि विस्तारकार्य यांना वेगळे महत्त्व प्राप्त होते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील आंबा आणि काजू या दोन पिकांचा गेल्या काही दशकांतील अनुभव यादृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे.

कोकणची भूमी आणि तिच्या मर्यादा

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील या चिंचोळ्या पट्ट्यात चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी राहते. जांभ्या दगडापासून बनलेली माती पाणी धरून ठेवीत नाही. खलाटीतील भातखाचरे सोडली तर बहुतेक जमीन डोंगरउताराची, म्हणजे वरकस. या वरकस जमिनीवर नाचणी, वरी घ्यावी आणि पुढे काही वर्षे ती पड टाकावी, अशी पूर्वापार पद्धत होती. अशा जमिनीतून कुटुंबाला स्थिर उत्पन्न मिळवून द्यावयाचे, तर खोलवर मुळे सोडून उन्हाळा काढणारी फळझाडे हाच मार्ग होता.

हा मार्ग ओळखूनच वेंगुर्ले येथे १९५७ साली फळसंशोधन केंद्र सुरू झाले. नारळासाठी रत्नागिरीनजीक भाट्ये येथे केंद्र होते. १९६५ मध्ये दापोलीस कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी तेथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेकडे भात, मत्स्यव्यवसाय, खारजमिनी अशी अनेक कामे आली. तथापि बागायतदाराच्या मनात तिचे नाव प्रामुख्याने जोडले गेले ते कलमांशी.

वेतोऱ्याचे झाड

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून या किनाऱ्यावर आणले. उतारावरील माती धरून ठेवणारे झाड म्हणून ते लावले गेले आणि पुढे रानोमाळ पसरले. ही लागवड शेकडो वर्षे बियांपासूनच होत राहिली. काजूत परपरागीभवन होत असल्याने बियांपासून वाढलेले कोणतेही झाड आपल्या मातृवृक्षासारखे असेलच असे नाही. एकाच उतारावर एक झाड भरभरून बी देई, शेजारचे नुसताच पाला वाढवी. एकाचे बी टपोरे, तर दुसऱ्याचे इतके लहान की ते फोडण्याची मजुरीही सुटू नये.

संशोधकांनी कामाचा आरंभ केला तो या वैविध्यापासूनच. गावोगावची चांगली झाडे हेरावयाची, त्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी ठेवावयाच्या, निवडक झाडांची अभिवृद्धी करून केंद्रावर ती शेजारी शेजारी लावावयाची आणि वर्षानुवर्षे मोजमाप करावयाचे, अशी ही पद्धत. वेंगुर्ले तालुक्यातील आणसूर आणि वेतोरे या गावांची नावे याच मार्गाने काजूसंशोधनाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. १९७४ मध्ये प्रसारित झालेली 'वेंगुर्ला-१' ही जात आणसूरच्या झाडाच्या निवडीतून आली. १९८१ मध्ये प्रसारित झालेली 'वेंगुर्ला-४' ही मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून निर्माण झाली. 'वेंगुर्ला-३' या जातीत आणसूर आणि वेतोरे या दोन्ही झाडांचा वारसा एकत्र आला. तमिळनाडूतील वृद्धाचलम येथील वाणाशी तिचा संकर करून १९९७ मध्ये 'वेंगुर्ला-७' बागायतदारांच्या हाती आली. या जातीचे एक बी सुमारे दहा ग्रॅम वजनाचे भरते आणि बियातील गराचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असते.

हा क्रम दोन गोष्टी शिकवितो. पहिली अशी की, संशोधनाचा पहिला दुवा शेतकऱ्याचे निरीक्षण हा आहे. कोणत्या झाडाला दरवर्षी बी लागते आणि कोणत्या झाडावर ढेकण्याचा उपद्रव कमी असतो, हे त्या झाडाखाली वावरणाऱ्या माणसाला ठाऊक असते. शास्त्रज्ञ त्या माहितीला नोंद, तुलना आणि चाचणी यांची शिस्त लावतो. दुसरी गोष्ट काळाची. १९५७ मध्ये केंद्र निघाले आणि 'वेंगुर्ला-७' चाळीस वर्षांनी आली. फळझाडाच्या संकराचे बी रुजवावयाचे, त्याला फळ धरेपर्यंत थांबावयाचे, अनेक हंगामांचे उत्पन्न मोजावयाचे आणि त्यानंतर निवडलेल्या झाडाची कलमे वेगवेगळ्या ठिकाणी लावून पुन्हा तितकीच वर्षे पाहावयाचे, या कामाला घाई चालत नाही. ज्याने संकर केला तो बहुधा त्या जातीच्या प्रसारापूर्वीच निवृत्त होतो. नोंदवही मात्र निवृत्त होऊन चालत नाही. एखादे वर्ष निधी वा मनुष्यबळ यांच्या अभावी मोजणी राहून गेली, तर तेवढीच कडी निसटते असे नव्हे; मागील वर्षांच्या मोजणीचे मोलही त्यामुळे उणावते.

हापूसचे दुखणे आणि त्यावरील दुहेरी उपाय

हापूसच्या लौकिकाविषयी महाराष्ट्रात अधिक सांगण्याचे कारण नाही. त्याच्या दोषांविषयी मात्र बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या चिंतेत राहिले आहेत. एक वर्ष झाड लदबदून यावे आणि पुढील वर्षी मोहोरच फुटू नये, हा त्यांतील एक. बाहेरून निर्दोष आणि सोनेरी दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबट, भुसभुशीत गर निघावा, हा दुसरा. या दुसऱ्या दोषास बागायतदार 'साका' म्हणतात. चीमा आणि दाणी या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. साका फळ बाहेरून ओळखता येत नसल्याने पेटीतील दोन-चार फळे तशी निघाली, तरी ग्राहकाचा विश्वास संपूर्ण पेटीवरून उडतो.

संशोधकांनी या दुखण्यावर दोन वाटांनी उपाय शोधला. पहिली वाट नव्या जातीची. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात निर्माण झाली आणि १९८१ मध्ये ती प्रसारित झाली. तिचे फळ साक्यापासून मुक्त असते, गरात रेषा नसतात आणि झाड नियमित फळ देते. पुढे रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर होऊन १९९२ मध्ये 'सिंधू' आली. अत्यंत पातळ कोय हे तिचे वैशिष्ट्य होय.

शास्त्रीय दृष्ट्या ही मोठीच कामगिरी होती. तरीही रत्नागिरी, देवगडच्या बागायतदाराने हापूस सोडला नाही. ग्राहक हापूसच्या नावाने आणि वासाने खरेदी करतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या या निर्णयात अडाणीपणा पाहणे चुकीचे ठरले असते. संशोधन शेतकऱ्याला पर्याय देऊ शकते, आज्ञा देऊ शकत नाही. ज्या झाडावर त्याचा संसार चालतो त्याच झाडाची अडचण सोडविणे हेही संशोधनाचे तितकेच महत्त्वाचे काम आहे.

दुसरी वाट त्यासाठीच घेतली गेली. पूर्ण तयार होईपर्यंत झाडावर राहिलेल्या फळात साक्याचे प्रमाण वाढते आणि तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता त्यास हातभार लावते, हे अभ्यासातून दिसून आले. फळातील कोय झाडावरच रुजण्याच्या तयारीला लागणे, हेही साक्याचे एक कारण असल्याचे बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. यावरून बागायतदाराला मिळालेला सल्ला अगदी साधा होता : फळ चौदा आणे तयार झाले की काढावे, काढणी सकाळी वा सायंकाळी करावी, काढलेली फळे उन्हात वा तापलेल्या कातळावर न ठेवता सावलीत ठेवावीत. विद्यापीठाने तयार केलेला 'नूतन झेला' हे साधनही याच विचारातून आले. बांबूच्या टोकास बसविलेल्या या झेल्याला पाते आणि जाळी असते. त्यायोगे फळ देठासह कापले जाऊन जाळीत पडते. देठ राहिल्यामुळे चीक फळावर ओघळत नाही, साल डागत नाही आणि देठाकडून होणारी कूज कमी होते. या साध्या साधनाने बागायतदाराच्या पदरात टाकलेला लाभ एखाद्या नव्या जातीपेक्षा उणा मानता येणार नाही.

अनियमित मोहोरावरील उपायाची हकीकत मात्र सावध करणारी आहे. पॅक्लोब्यूट्राझोल हे वाढनियंत्रक जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाडाच्या विस्ताराच्या मानाने मोजून जमिनीत दिल्यास पालवी आवरते आणि झाड दरवर्षी, तेही काहीसे लवकर मोहोरते, असे विद्यापीठाच्या प्रयोगांनी सिद्ध केले. शिफारस होती ती दहा वर्षांवरील निरोगी झाडांसाठी, ठरलेल्या मात्रेत आणि सोबत पुरेसे शेणखत व रासायनिक खते देण्याच्या अटीवर. औषध गावोगाव पोहोचले. अट सर्वत्र पोहोचली नाही. जेथे अशक्त झाडाला ते दिले गेले, मात्रा अंदाजाने वाढविली गेली वा खताकडे दुर्लक्ष झाले, तेथे झाडे खंगली. शिफारशीतील अर्धे वाक्य पोहोचणे हे काही वेळा काहीच न पोहोचण्यापेक्षा अधिक घातक ठरते. शिक्षणाचे कार्य येथून सुरू होते.

चाकू, डोळकाडी आणि विद्यार्थी

चांगल्या झाडाची हुबेहूब प्रत काढण्याची विद्या म्हणजे कलम. पूर्वी आंब्याची भेट कलमे बांधली जात. कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत नेऊन दोन्ही साली तासून एकत्र बांधावयाच्या आणि ती जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालीत राहावयाचे, अशी ती रीत. त्यामुळे एका झाडावर मर्यादित कलमेच होऊ शकत. कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलम या पद्धतींचा प्रसार झाला आणि ही मर्यादा दूर झाली. पावसाळ्यात रुजलेल्या कोयीचे रोप पंधरा-वीस दिवसांचे, तांबूस पानांचे असतानाच छाटून त्याच्या मध्यभागी काप घ्यावयाचा, मातृवृक्षावरील तीन-चार महिने वयाची डोळकाडी पाचरीसारखी तासून त्यात बसवावयाची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावयाची. काजूत सुमारे दोन महिने वयाच्या रोपावर अशाच रीतीने मृदुकाष्ठ कलम केले जाते. डोळकाडी झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पाने कापून देठ ठेवल्यास डोळे फुगतात आणि कलम यशस्वी होण्याचे प्रमाण वाढते.

हे सर्व पुस्तकात लिहिता येते. परंतु ही विद्या हाताची आहे. काप सरळ येणे, सालीला साल भिडणे, पट्टीत हवा न राहणे या गोष्टी शेकडो रोपांवर हात चालविल्याखेरीज साधत नाहीत. म्हणूनच कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कार्यानुभव कार्यक्रम फळबागांच्या प्रदेशात विशेष अर्थपूर्ण ठरतो. गावात राहून विद्यार्थी बागायतदाराबरोबर बागेत हिंडतो, तेव्हा त्याला तुडतुडे आणि भुरी यांची पुस्तकी लक्षणे मोहोरावर प्रत्यक्ष दिसतात. फवारणी लांबली की काय होते, मजूर न मिळाल्यास काढणीचे वेळापत्रक कसे कोलमडते, दलालाचा हिशेब कसा असतो, हेही त्याला समजते. उलटपक्षी बागायतदारास प्रश्न विचारण्यासाठी एक हक्काचा माणूस मिळतो. दापोलीचे विद्यापीठ, मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय, देवगड तालुक्यातील रामेश्वर येथील आंबा संशोधन उपकेंद्र आणि जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांच्यातील हा राबता जितका वाढेल, तितके शिफारशीतील अर्धे वाक्य अर्धेच राहण्याचे प्रसंग कमी होतील.

बागेत आणि रोपवाटिकेत राबणाऱ्या स्त्री-पुरुष मजुरांचे प्रशिक्षण हाही शिक्षणाचाच भाग समजला पाहिजे. मालकाने मेळाव्यात ऐकलेले झेला धरणाऱ्या आणि कलम बांधणाऱ्या हातापर्यंत गेले नाही, तर ते बागेत उतरले असे म्हणता येणार नाही.

रोपवाटिका : संशोधनाचे शेवटचे दार

राज्य शासनाने १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम हाती घेतला. खड्डे खणण्यापासून झाडे जगविण्यापर्यंतच्या मजुरीस आधार मिळाला आणि पिढ्यान्‌पिढ्या पड असलेल्या वरकस जमिनींवर आंबा, काजूची लागवड झपाट्याने वाढली. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. या योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागलेले असून ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी बांधलेले आहे. जिवंत झाडांची मोजणी करण्याची ही अट योग्यच आहे. मात्र जिवंत झाड आणि खात्रीचे झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या वर्षीची मोजणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, दुसऱ्याचे देऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोपवाटिकेत असते. मागणी वाढली की कलमांचा व्यापार वाढतो, आणि डोळकाडी कोणत्या झाडावरून आणली हे विचारणारा कोणी नसला तर 'वेंगुर्ला-७' ही केवळ एक चिठ्ठी उरते. महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा आहे. परवान्याबरोबर खुंटरोप आणि डोळकाडी यांच्या उगमाची नोंद ठेवण्याची जबाबदारीही रोपवाटिकाधारकावर येते. ही नोंदवही आणि संशोधन केंद्रावरील उत्पन्नाची नोंदवही या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. चाळीस वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध झालेली जात निष्काळजी रोपवाटिकेत एका पावसाळ्यात हरवू शकते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंत नारळ, सुपारी, आंबा आणि काजू यांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली आणि नातवाचे शिक्षण चालविणारी झाडे मुळासकट उन्मळली. पडलेले झाड उचलण्यास मदत मिळू शकते, त्या झाडाचे वय मात्र कोणालाही परत देता येत नाही. अशा कुटुंबाने रिकाम्या झालेल्या खड्ड्यात पुन्हा जे कलम लावले, त्याच्यावर पुढील तीस-चाळीस वर्षे अवलंबून आहेत. ते कलम खात्रीचे आहे की नाही, हा प्रश्न त्या घरापुरता जीवनमरणाचाच ठरतो.

गावाने आणि प्रशासनाने काय करावे

या साऱ्या अनुभवावरून काही कर्तव्ये स्पष्ट होतात. ती खर्चिक नाहीत. सातत्याची अपेक्षा मात्र करतात.

ग्रामपंचायतीने गावातील उत्कृष्ट आंबा, काजू, फणस, कोकम यांच्या झाडांची नोंद करावी. झाड कोणाच्या बागेत आहे, दरवर्षी किती फळ देते, कीड-रोगाला कसे तोंड देते, एवढ्या गोष्टी चार-पाच वर्षे लिहून ठेवल्या तरी संशोधन केंद्रास त्या मोलाच्या ठरतील. वेतोऱ्याचे झाड कोणाच्या तरी नजरेस पडले म्हणूनच ते संशोधनापर्यंत पोहोचले. वादळाने वा तोडीने अशी झाडे नाहीशी होण्यापूर्वी त्यांची डोळकाडी राखणे अगत्याचे आहे.

शाळेतील शिक्षकांनी आवारात कोयी रुजवून त्यांवर मुलांकडून कलमे बांधून घ्यावीत. त्यांतील काही फसतील. तेही मुलांनी पाहावे. जगलेल्या प्रत्येक कलमाला मातृवृक्षाचे नाव आणि तारीख असलेली पाटी लावण्याची सवय लागली, तर नोंदीचे मोल समजणारी पिढी तयार होईल. ज्यांना पुढे कृषी तंत्र विद्यालयात वा महाविद्यालयात जावयाचे आहे, त्यांची ही पूर्वतयारी ठरेल. ज्यांना जावयाचे नाही, त्यांना घरच्या बागेत ती कामी येईल.

कृषी विभागाच्या आणि पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांनी लागवडीचे उद्दिष्ट हेक्टरांत मोजताना कलमांचा उगमही तपासावा. रोपवाटिकेस भेट दिली असता प्रथम मातृवृक्ष पाहावेत, मग नोंदवही आणि शेवटी कलमे. शिफारशींची पत्रके वाटताना मात्रेइतक्याच ठळक अक्षरांत अटीही छापाव्यात. संशोधन केंद्रांच्या अंदाजपत्रकांचा विचार करताना, फळझाडाच्या प्रयोगातील एक वर्षाचा खंड पुन्हा भरून काढता येत नाही, याचा विसर पडू देऊ नये.

बागायतदारांकडूनही एक अपेक्षा आहे. कलम विकत घेताना पावती आणि उगमाची माहिती मागण्याचा संकोच त्यांनी सोडून द्यावा. कलमाची किंमत एकंदर लागवडखर्चात फारच अल्प असते. थोड्या पैशांची बचत करून अनोळखी कलम घरी नेणे हा सर्वांत महागडा व्यवहार होय.

फळबाग लावणारा शेतकरी शासन, विद्यापीठ आणि रोपवाटिका यांच्या शब्दावर विसंबून आपल्या जमिनीचा तुकडा पुढील पिढीच्या नावे बांधून टाकीत असतो. आणसूर आणि वेतोरे येथील झाडांपासून 'वेंगुर्ला-७' पर्यंतचा प्रवास अनेकांच्या हातांनी झाला आहे आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्या सर्वांनी राखलेला भरवसा शेवटच्या खड्ड्यापर्यंत, शेवटच्या कलमापर्यंत अबाधित पोहोचविणे हे आता संशोधक, शिक्षक, विद्यार्थी, अधिकारी आणि ग्रामपंचायती या सर्वांचे समाईक उत्तरदायित्व आहे.